दिवाळीच्या भेटी ऑनलाइन घेताना पैसे कसे वाचवायचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपती गेले की मला विचारणा सुरू होते. भाऊबीजेला बहिणीसाठी मिक्सर पाहिलाय, घेऊ का? जावयाच्या दिवाळसणाला फोन द्यायचाय, सेलमध्ये खरंच स्वस्त मिळतो का? सोसायटीतल्या आणि भिशीतल्या मैत्रिणींना मी गेली काही वर्षं या कामात मदत करते. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहिली आहेत. हिशेबातले वस्तूंचे भाव उदाहरणादाखल धरलेले आहेत.

१. दिवाळीच्या भेटींची खरेदी नेमकी कधी सुरू करावी?

यादी पितृपंधरवड्यात करावी, खरेदी नंतर. त्या पंधरा दिवसांत आपल्याकडे बरेच जण नवीन काही घेत नाहीत. हात आखडलेला असतो, त्यामुळे विचार नीट होतो. मोठे सेल नवरात्राच्या आसपास लागतात. २०२५ मध्ये ॲमेझॉन आणि फ्लिपकार्ट या दोघांचेही सेल २३ सप्टेंबरला, म्हणजे घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी सुरू झाले. लक्ष्मीपूजन होतं २१ ऑक्टोबरला. जवळजवळ महिना हातात होता, तरी आमच्या ओळखीतल्या निम्म्या लोकांनी पहिल्याच रात्री घाईघाईने ऑर्डरी टाकल्या.

वहीचं एक पान घ्या. नाव, नातं, किती खर्च करायचा, वस्तू कोणती आणि तिची आजची किंमत, असे पाच रकाने आखा. सहावा रकाना सेलच्या दिवशी भरायला रिकामा ठेवा. कामाला येणाऱ्या मावशी, वॉचमन काका, मुलांच्या क्लासच्या बाई, सगळ्यांची नावं पहिल्याच दिवशी लिहा. आयत्या वेळी आठवलेली भेट नेहमी महाग पडते, कारण तेव्हा किंमत बघायला वेळच नसतो. माझ्या मते सगळ्यात जास्त पैसे हे पानच वाचवतं. बाकी उत्तरं त्याच्या मागून येतात.

फोन, टीव्ही अशा वस्तू सेलच्या पहिल्या काही दिवसांत पाहाव्यात, कारण मागणीची मॉडेलं लवकर संपतात. कपडे, दिवे, शोभेच्या वस्तू यांना घाई नाही. गाव आडवळणी असेल तर भाऊबीजेच्या निदान दहा-बारा दिवस आधी ऑर्डर गेलेली बरी.

२. ‘८० टक्के सूट’ लिहिलेलं असतं, ती सूट खरी असते का?

सूट छापील किमतीवर, म्हणजे एमआरपीवर मोजलेली असते. एमआरपी ही जास्तीत जास्त किंमत. त्यापेक्षा जास्त घेता येत नाही, एवढाच तिचा अर्थ. ती वस्तू त्या किमतीला कधी विकली गेली होती असं नाही. ४,९९९ छापलेले हेडफोन वर्षभर ९९९ लाच विकले जात असतील, तर सेलमधली ‘८० टक्के सूट’ म्हणजे रोजचाच भाव.

म्हणून टक्के वाचूच नका. तुमच्या वहीतली जुनी किंमत आणि आजची किंमत यांतला फरक बघा. कीपा, बायहटके यांसारख्या साधनांवर वस्तूच्या मागच्या काही महिन्यांच्या किमतीचा आलेखही दिसतो. वस्तूची लिंक टाकली की झालं. आलेखात किंमत ऑगस्टभर खाली, सेलच्या आठवडाभर आधी वर आणि सेलमध्ये पुन्हा पूर्वीच्याच जागी दिसली, तर काय घडलंय ते सांगायला नको.

३. कार्डावर १० टक्के सूट म्हणतात, मग माझी इतकी कमी का झाली?

जाहिरातीखालची बारीक ओळ वाचा: ‘कमाल १,५०० रुपये, किमान खरेदी ५,००० रुपये’. २४,००० चा फोन घेतलात तर १० टक्के म्हणजे २,४००, पण मिळणार १,५००. म्हणजे प्रत्यक्षात सव्वासहा टक्के. याच अटीत १५,००० ची वस्तू घेतलीत तर पुरे दहा टक्के मिळतात. यादीत मोठ्या वस्तू दोन असतील तर त्या एकाच ऑर्डरीत घ्याव्यात की वेगवेगळ्या, हे या कमाल मर्यादेवर ठरवा. मात्र ‘एका कार्डाला एकदाच’ अशीही अट कधी असते, ती आधी बघा.

किमान खरेदीची अट उलट दिशेनेही उपयोगी पडते. कार्टमध्ये ४,७०० चा माल आहे आणि यादीतलीच ३०० ची पणत्यांची पेटी घ्यायची राहिली आहे. ती घातलीत की ५,००० होतात, ५०० सुटतात, आणि बिल ४,५०० होतं. पेटी धरून दोनशे कमी! पण हे फक्त यादीतल्या वस्तूला लागू. अट गाठायला काहीतरी घालून मग ते परत करायचं, असं करणाऱ्यांनी प्रश्न १२ वाचावा.

४. माझ्याकडे ते कार्ड नाही. दिराचं किंवा मैत्रिणीचं वापरलं तर चालेल का?

चालतं, आम्ही सर्रास करतो. तीन गोष्टी सांभाळा. पैसे त्याच दिवशी यूपीआयने परत द्या, बिलाच्या तारखेची वाट बघू नका. वस्तू परत केली तर पैसे त्याच कार्डावर जातात, हे दोघांनाही ठाऊक असू दे. आणि कॅशबॅक नंतर येणार असेल तर तो कोणाचा, हे आधी बोलून घ्या. शंभर-दोनशे रुपयांवरून मन खट्टू होऊ नये. ओटीपी घरच्या माणसाला सांगणं वेगळं, ‘बँकेतून बोलतोय’ म्हणणाऱ्याला सांगणं वेगळं. दुसऱ्याचे परिणाम प्रश्न १४ मध्ये आहेत.

५. नो-कॉस्ट ईएमआय म्हणजे खरंच बिनव्याजी का?

व्याज असतंच. ते आधी किमतीतून वजा करतात आणि मग बँक ते हप्त्यांतून वसूल करते. ३०,००० ची वस्तू, सहा हप्ते, वर्षाला १५ टक्के व्याज असं धरू. विक्रेता साधारण १,२७० रुपये सूट देतो, बँक २८,७३० वर व्याज लावते आणि दरमहा ५,००० घेते. इथवर हिशेब बरोबर जुळतो.

पण त्या १,२७० रुपये व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो: २२९ रुपये. प्रक्रिया शुल्क १९९ असेल तर त्यावरचा जीएसटी धरून २३५. झाले ४६४ रुपये, आणि हे वस्तूच्या पानावर सहसा दिसत नाहीत, कार्डाच्या बिलावर दिसतात. शिवाय एकरकमी पैसे भरणाऱ्याला मिळणारी एखादी सूट हप्तेवाल्याला मिळत नसेल, तर तोही खर्चच धरा. हप्ते घेऊ नका असं मी म्हणत नाही. घरात फ्रिज बंद पडला असेल तर घ्यावेतच. पण भेटवस्तूचे हप्ते पुढच्या संक्रांतीनंतरही चालू राहणार असतील, तर भेट छोटी केलेली बरी. बहिणीला ते कळलं तर तिलाच वाईट वाटेल.

६. वस्तू ७९९ ची, पैसे भरताना ९१२ कसे होतात?

डिलिव्हरी, प्लॅटफॉर्म शुल्क, घरपोच रोख देण्याचं शुल्क, गिफ्ट रॅपिंग, वस्तूचा विमा, कधी आपोआप टिक झालेली देणगी. यातलं प्रत्येक वीस-तीस-चाळीस रुपयांचं असतं, म्हणून डोळ्यांत येत नाही. दहा भेटी वेगवेगळ्या दिवशी मागवल्यात तर ते दहा वेळा भरता. पैसे भरण्याआधीचं शेवटचं पान सावकाश, ओळीवर बोट ठेवून वाचा आणि नको ते काढा.

हे नुसतं आपल्या सावधपणावर सोडलेलं नाही. केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’विरोधी, म्हणजे साइटवर ग्राहकाला फसवायच्या क्लृप्त्यांविरोधी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत १३ प्रकार दिले आहेत. न विचारता कार्टमध्ये काही घालणं, शुल्क शेवटपर्यंत लपवणं, ‘फक्त २ शिल्लक, ९ मिनिटं उरली’ अशी खोटी घाई लावणं, हे तिन्ही त्यांत आहेत. असं आढळलं तर पडद्याचा फोटो काढून ठेवा, तक्रारीला लागतो (प्रश्न १५).

७. जीएसटी कमी झाला ना? मग सगळंच स्वस्त का नाही दिसत?

२२ सप्टेंबर २०२५ पासून दर बदलले, पण सगळ्या वस्तूंचे नाहीत. ३२ इंचांपेक्षा मोठे टीव्ही, एसी, डिशवॉशर २८ वरून १८ टक्क्यांवर आले. बदाम, पिस्ते, खजूर असा सुकामेवा १२ वरून ५ वर आला. मोबाइल आधीही १८ टक्के होता, आजही आहे. तिथे कोणी ‘जीएसटी कपातीचा भाव’ म्हणत असेल तर ती नुसती जाहिरात.

शिवलेल्या कपड्यांत एक खाच आहे. नगामागे कर सोडून किंमत २,५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के, त्याहून जास्त असेल तर १८ टक्के. म्हणून भावासाठी कर सोडून २,६०० चा एक कुर्ता बघत असाल तर कर सोडून २,४०० च्या आसपासचेही बघा, बिलातल्या फरकाचा मोठा भाग नुसत्या कराचा असू शकतो.

८. सुकामेव्याचे सजवलेले बॉक्स घ्यावेत की सुटा मेवा?

बॉक्सच्या मागची बाजू बघा. ‘निव्वळ वजन’ आणि दर ग्रॅमचा भाव तिथे असतो. ऑनलाइन फोटोंमध्ये ते शेवटून दुसऱ्या-तिसऱ्या चित्रात सापडतं. चार बरण्यांचा बॉक्स ७९९ ला, एका बरणीत १०० ग्रॅम. म्हणजे किलोला जवळपास दोन हजार. आता त्या चारांत काय आहे? एकीत काजू, एकीत बदाम, आणि उरलेल्या दोन्हींत मनुका नाही तर भाजलेले मखाणे असतील, तर मनुकांचेही तुम्ही काजूच्या भावाने पैसे देताय.

मागच्या वर्षी आम्ही सहा जणींनी काजू-बदाम-पिस्ते किलोच्या पाकिटांत मागवले, पावशेर-पावशेर कापडी बटव्यांत भरले. बटवे शिलाईकाम करणाऱ्या शेजारच्या ताईंनी उरलेल्या खणांच्या तुकड्यांतून शिवून दिले. मेवा संपला तरी ते बटवे अजून लोकांच्या पर्समध्ये दिसतात. एकत्र मागवण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून हेच करत आली आहे.

९. ‘येवल्याची पैठणी १,९९९ ला’ अशी जाहिरात आली. घेऊ का?

हातमागावरची खरी रेशमी पैठणी त्या भावात येत नाही. वर्णन नीट वाचलंत तर ‘आर्ट सिल्क’ (म्हणजे कृत्रिम रेशीम), ‘पैठणी स्टाइल’, ‘सिल्क ब्लेंड’ असे शब्द सापडतील. तशी साडी वाईट नसते. रोजच्या सणाला छान दिसते, पण तिला तिच्याच नावाने आणि तिच्याच भावाने घ्या.

खरी घ्यायची असेल तर विक्रेत्याकडून पदराच्या उलट्या बाजूचा व्हिडिओ मागवा. हातमागाच्या पदरावर मोर-पोपट दोन्ही बाजूंनी सारखेच रेखीव दिसतात. यंत्रमागावर उलट्या बाजूला सुटे धागे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. सिल्क मार्क, म्हणजे शुद्ध रेशमाची खूण, आहे का विचारा. पैठणीला भौगोलिक मानांकन आहे. प्रामाणिक विणकर यातलं काहीही विचारलं तरी रागावत नाही, उलट मागाजवळ फोन नेऊन दाखवतो. मोठी रक्कम आगाऊ भरण्याआधी प्रश्न १४ वाचा.

१०. पाडव्याला ऑनलाइन सोनं घेतलं तर?

दागिना असेल तर हॉलमार्कसोबत सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक असतो. तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून पडताळा. किमतीची तुलना घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी धरून करा, नुसत्या ग्रॅमच्या भावाची नको. ‘घडणावळीवर ५० टक्के सूट’ असेल तर मूळ घडणावळ किती लावली आहे ते आधी बघा.

ॲपवरचं ‘डिजिटल सोनं’ मी भेट म्हणून सुचवत नाही. घेताना जीएसटी जातो, विकताना भाव कमी मिळतो, आणि ते सेबीच्या नियमनाखाली येत नाही असा इशारा सेबीनेच, म्हणजे शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेने, ८ नोव्हेंबर २०२५ रोजी दिला आहे.

११. भेट दिली, त्यांनी महिन्याने उघडली आणि वस्तू खराब निघाली. आता?

हे माझ्या बाबतीत झालं. बहिणीला मिक्सर मागवला, वेळेत आला, मी सुंदर कागदात बांधून ठेवला. भाऊबीजेला दिला. तिने घरी गेल्यावर आठवड्याने उघडला तर मोठ्या भांड्याला उभी चीर. बदलून देण्याची मुदत सात दिवस होती, ती माझ्या कपाटातच संपली होती. नवं भांडं मी पदरच्या पैशांनी घेतलं. त्या पैशांपेक्षा तिने संकोचून, चार दिवस विचार करून सांगितलं याचं जास्त वाईट वाटलं.

तेव्हापासून आमच्या घरात नियम आहे: आलेलं खोकं त्याच दिवशी उघडायचं, खोकं फोडताना सलग व्हिडिओ काढायचा, विजेची वस्तू चालवून बघायची आणि मगच बांधायची. महाग वस्तूला ‘ओपन बॉक्स डिलिव्हरी’, म्हणजे डिलिव्हरीवाल्यासमोरच खोकं उघडून बघायची सोय मिळत असेल तर घ्या. बिलाची प्रत भेटीसोबत द्या. किंमत दिसू नये असं वाटत असेल तर फोनवर नंतर पाठवा, कारण वॉरंटीला बिलच लागतं.

मुदत गेली म्हणून सगळं संपलं असंही नाही. वॉरंटी उरतेच. आणि २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार सदोष, बनावट किंवा जाहिरातीशी न जुळणारी वस्तू परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही.

१२. तीन वस्तूंवर मिळून सूट घेतली आणि एक परत केली, तर पूर्ण पैसे मिळतात का?

त्या वस्तूच्या वाट्याला आलेली सूट वजा होऊन मिळतात. काही योजनांत उरलेली खरेदी किमान रकमेच्या खाली गेली की पूर्ण सूटच काढून घेतात. हप्त्यांवर घेतलेली वस्तू परत केल्यास प्रक्रिया शुल्क बहुधा परत येत नाही, हेही लक्षात ठेवा.

१३. मुलगा अमेरिकेत आहे. त्याने इकडे भेट पाठवावी की आम्ही तिकडे फराळ?

तिकडून पार्सल पाठवू नये. डिसेंबर २०१९ पासून भारतात पोस्टाने वा कुरिअरने येणाऱ्या भेटींची करमाफी राखी आणि जीवरक्षक औषधं सोडून बंद झाली आहे. त्याने इथल्याच साइटवरून इथला पत्ता देऊन मागवणं सोपं. मात्र परदेशी कार्डाला बँकांच्या सणाच्या सवलती सहसा लागत नाहीत. त्याने पैसे पाठवून तुम्ही इथल्या कार्डाने घेतलं तर बऱ्याचदा स्वस्त पडतं.

फराळ पाठवताना वजनापेक्षा जागा महाग पडते. कुरिअरवाले सेंटिमीटरमध्ये लांबी, रुंदी, उंची गुणून ५,००० ने भागतात आणि तो आकडा खऱ्या वजनापेक्षा जास्त आला तर त्याचे पैसे लावतात. ४० बाय ३० बाय ३० चं खोकं म्हणजे ७.२ किलो, मग आत चार किलोच चिवडा का असेना. चकली आणि चिवडा जागा खातात, लाडू आणि शंकरपाळे कमी. माझी एक मैत्रीण लाडवांच्या मधल्या पोकळ्यांत शंकरपाळ्यांच्या छोट्या पिशव्या बसवते आणि चिवडा फक्त नावाला पाठवते. मुलाला आवडते ती चकली असेल तर मात्र हिशेब सोडा, चकली पाठवा.

१४. व्हॉट्सॲपवर ‘दिवाळी धमाका’ची लिंक आली. खरी कशी ओळखावी?

लिंकवर जाऊच नका. कंपनीचं ॲप स्वतः उघडून तिथे ती सवलत शोधा. नसेल तर ती खोटी. ‘कुरिअरचा पत्ता चुकलाय, पाच रुपये भरा’ असे निरोप आणि एपीके फाइल (फोनमध्ये बाहेरचं ॲप बसवणारी) उघडायला सांगणारे निरोप सेलच्या दिवसांत फार येतात, कारण प्रत्येकाची काही ना काही ऑर्डर वाटेत असते. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. इन्स्टाग्रामवरच्या अनोळखी दुकानातून पहिली ऑर्डर छोटी आणि शक्यतो घरपोच रोखीची ठेवा.

पैसे गेलेच तर लाजू नका, उशीर करू नका. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा आणि बँकेला कळवा. तुमची चूक नसताना तिऱ्हाइताने पैसे काढले असतील आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार तोटा तुमच्यावर येत नाही. ओटीपी स्वतः सांगितला असेल तर हे संरक्षण मिळत नाही. घरातल्या आजी-आजोबांना हा भाग वाचून दाखवा.

१५. सेलमध्ये टाकलेली ऑर्डर विक्रेत्यानेच रद्द केली आणि आता तीच वस्तू महाग दाखवतात. काही करता येतं का?

पैसे परत येतात, पण जुना भाव गेलेला असतो, आणि लोकांचा संताप त्याचाच असतो. आधी ॲपमधल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. नियमांनुसार त्यांनी ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्यात निवारण करायचं असतं. ऑर्डरीचा, रद्द झाल्याच्या निरोपाचा आणि नव्या किमतीचा, असे तिन्ही फोटो जोडा. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा.

त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं कार्यालय बंगळुरूला असलं तरी. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची, आणि वकील लावायलाच हवा असं नाही. पण पुढचं पाऊल टाकण्याआधी एक करून बघा. रद्द झालेली वस्तू वहीतल्या पितृपंधरवड्याच्या किमतीच्या आसपास दुसरीकडे मिळतेय का? मिळत असेल तर आजच मागवून टाका आणि तक्रार दिवाळीनंतर सावकाश चालवा.